रुमालाखालचा भाव

अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी एखादा माणूस कडेवर लेकरू घ्यावं तसं कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन दुकानात शिरतो, काउंटरवर ठेवतो आणि माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलाकडे बघत विचारतो, "सर हायेत का?" सर नाहीत हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की आता सांगायचासुद्धा कंटाळा येतो. ऐकून तो माणूस हमखास म्हणतो, "मंग तुमीच सांगा की. केवढ्याचा आसंल?"

मी सांगत नाही. मला कळत नाही अशातला भाग नाही. केजला तहसीलजवळ कॉम्प्युटरचं दुकान टाकून वीस वर्षं झाली, केस पांढरे झाले, पाठ गेली. पण मी पडलो विकणारा. विकणाऱ्यानं सांगितलेल्या भावावर कोण विश्वास ठेवतो, आणि कशाला ठेवावा? वाघमारे सर काही विकत नव्हते, सगळी मेख तिथंच होती.

सर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सचे निदेशक होते. रिटायर झाले आणि पंधरा दिवसांतच घरात बसून बसून वैतागले. पत्नी आधीच वारलेल्या, एकुलती मुलगी पुण्यात. एके दिवशी सकाळी अकराला माझ्या दुकानात आले, पंख्याखालचं स्टूल ओढलं आणि बसले. मी म्हटलं, सर, चाकाची खुर्ची आहे की. म्हणाले, "खाली चाक आसलं की माणसाचं मन ठिकाणावर राहत न्हाई." पुढची सात-आठ वर्षं रविवार आणि पौर्णिमा सोडून ते त्याच स्टुलावर बसले. पौर्णिमेला पांढरा सदरा घालून विहारात जायचे. त्या दिवशी दुकानात कुणी आलं तर मलाच उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

ते आले ते नेमके गेमिंग पीसीचं पेव फुटलं होतं त्या दिवसांत. तयार डबा, एका बाजूला काच, आत सात रंगांचे पंखे, वर आय-सेव्हन प्रोसेसरचा स्टिकर. पोरं काचेला नाक लावून बघायची आणि बाप खिशाला हात लावायचे. आतला आय-सेव्हन कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला, सहा-सात वर्षांचा म्हातारा. नाव तेच, दम गेलेला. असे डबे मीही विकायचो. खोटं कशाला बोलू? शहरातून तयार यायचे, मी पुसून मांडायचो.

पहिल्याच आठवड्यात सरांनी माझा घात केला. एक ग्रामसेवक पोरासाठी पीसी बघायला आले होते. मी लाइटा लावल्या, गाणं लावलं, गडी निम्मा पटला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "बालाजी, लाइट बंद कर बरं." मी केली, काय करता, कधीकाळी आयटीआयला त्यांचीच पट्टी हातावर खाल्लेली. सर उठले, खिशातून चष्म्याचं घर काढलं. चष्मा नाकावरच होता, घरात स्क्रूड्रायव्हर होता. बाजूची काच उतरवली, चार स्क्रू काढून आतला सप्लाय बाहेर घेतला. सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा डबा. तो डाव्या तळव्यावर ठेवून सरांनी डोळे मिटले आणि हात दोनदा हळूच वर-खाली केला.

"आधी पोट, मंग तोंड," ते ग्रामसेवकांना म्हणाले. "उजेडच इकत घ्यायचा आसंल तर बल्ब घ्या. लई स्वस्त पडतो."

मग त्यांनी दुसऱ्या खिशातून निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला, ग्रामसेवकांच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्यांची बोटं धरली. एवढंच. ग्रामसेवक माझ्याकडे बघून कसनुसं हसले, "येतो परत" म्हणाले आणि गेले. ते परत येणार नाहीत हे मला कळलं होतं. मी त्या दिवशी सरांसाठी चहा मागवला नाही.

ही रुमालाची रीत त्यांच्या वडिलांची. वडील नेकनूरच्या बैलबाजारात दातांवरून बैलाचं वय बघून द्यायचे. बैलांचा व्यापार करणारे हेडी नव्हते, दलाल नव्हते. घेणारा म्हणायचा, जरा बघून द्या, आणि हे बैलाचा जबडा उघडून बघायचे: दोन दाती, चार दाती, का सगळे दात येऊन जुळलेला. मग रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचे. चारचौघांत भाव बोलला की विकणाऱ्याचं नाक जातं आणि घेणाऱ्याचंही, म्हणून वर रुमाल. सरांनी ते जसंच्या तसं उचललं. एक बोट दाबलं की दहा हजार, पंजा म्हणजे पन्नास, नखाशी दाबलं तर निम्मं. आठ दिवसांत गावाला पाठ झालं. "भाव ज्याचा माल हाय त्याचा," सर म्हणायचे. "बघ्यांचा न्हाई."

त्यांच्याकडे दोन रुमाल असायचे. पांढरा घामाला, निळा भावाला. निळ्या रुमालानं त्यांनी कधी तोंड पुसलेलं मी पाहिलं नाही. रोज धुवायचे आणि घडी अशी घालायचे की कोपरा कोपऱ्याला लागला पाहिजे.

आणखी एक नियम होता. भाव बघायच्या आधी घेतलेली किंमत सांगायची नाही. कुणी "सर, साठला..." म्हणायला लागला की हात वर करायचे, "बोलू नका. माझा हात बिघडतो." मग ग्राफिक्स कार्ड काढून त्याचा वास घ्यायचे. महिनोन्‌महिने रात्रंदिवस पळवलेल्या कार्डाला जळकट वास येतो म्हणायचे, आणि तो मला कधीच आला नाही. पंख्याच्या पात्यावरून नख फिरवायचे, नखातली धूळ बघायचे. प्रोसेसरचं नाव वाचून स्वतःशीच म्हणायचे, "चार दाती. चालंल." किंवा, "ह्याचे तर दात पडलेत रे." आणि शेवटी सप्लाय तळव्यावर. तो हलका लागला की बाकीचं बघायचेच नाहीत. "जड ते खरं" हा त्यांचा अखेरचा शब्द. तांबं जड असतं, पैसे वाचवणारा पहिला तिथंच वाचवतो, हे त्यांचं गणित. आणि ते खरंही होतं. सात-आठ वर्षांत मी त्यांना चुकताना पाहिलं नव्हतं.

या माणसानं आयुष्यात एक गेम खेळला नव्हता. एकदा एका गिऱ्हाइकानं कौतुकानं चालू करून दाखवला. सर बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, "हा गडी मघापासून कुठं पळायलाय?" गिऱ्हाईक म्हणालं, शत्रू मागं लागलाय सर. "मंग थांबून एकदा इचारावं ना त्याला काय पायजे ते." आणि चहा बशीत ओतून घेतला.

सिरसाळ्याचे एक आडत दुकानदार आले होते, ती गोष्ट मी अजून कधीतरी आठवून हसतो. जावयानं शहरातून पीसी भेट दिलेला, आणि तो दाखवायला शेठजी चार माणसं घेऊन आले होते. भाव विचारायला नव्हे, मिरवायला. सरांनी पोट बघितलं, रुमाल टाकला, बोटं दाबली. शेठजींचा चेहरा मी बघत होतो. हसू तसंच राहिलं, फक्त डोळे विझले. पण गडी पक्का. रुमाल बाजूला झाल्याबरोबर सोबतच्यांना मोठ्यानं म्हणाले, "सर म्हणतेत, नव्वदलाबी स्वस्त पडला." चौघांनी माना डोलावल्या. सर बशी फुंकत होते. ते गेल्यावर मी म्हटलं, सर, तुम्ही तीनच बोटं दाबली ना? म्हणाले, "तुला कावून सांगू?" मग थोड्या वेळानं, "मी काय बोललो का? तो बोलला. त्याचा जावई हाय, त्याला जपू दे."

असं होतं. राग यायचा, पण करणार काय. हळूहळू मी ते भंगारातले डबे आणणं बंद केलं. मी सुधारलो वगैरे काही नाही, सरांसमोर ते खपेनात. मग उलटंच झालं. सर ज्या दुकानात बसतात तिथं फसवत नाहीत अशी बोलवा झाली आणि धारूरपासून लोक यायला लागले. लग्नाचे व्हिडिओ जोडणारी सुनीता नावाची बाई आली होती. तिला काचेचा झगमगता हवा होता. सरांनी कोपऱ्यातला काळा, मुका डबा दाखवला आणि म्हणाले, "ताई, हा दिसायला तुमच्या-माझ्यासारखा हाय, पण राबंल." तो डबा आजही राबतो. ती परवाच माउस घ्यायला आली होती.

आता ती नांदूरघाटची गोष्ट. सांगायचं जिवावर येतं, पण सर म्हटलं की ती येणारच.

उत्तमराव एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन वर्ष झालेलं. भर उन्हाचे जीपनं आले, मांडीवर एक छोटं पांढरं कॅबिनेट धरून. काच नाही, लाइटा नाहीत. पुण्याहून पोरानं पाठवलाय, बहिणीसाठी, ती कॉम्प्युटरवर गेमची चित्रं काढायचं शिकतीय, एवढं म्हणाले. पुढं काही बोलणार तेवढ्यात सरांनी हात वर केला. माणूस थांबला. थांबला नसता तर बरं झालं असतं.

तोवर सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू चांगलाच उतरला होता. ऑपरेशनला मुलगी पुण्याला बोलवायची, हे आज-उद्या करायचे. बारीक अक्षर दिसायचं नाही, मग सगळी भिस्त हातावर. त्यांनी सप्लाय काढला. तो इतका लहान होता की सरांच्या तळव्यात मावला. डोळे मिटून हात वर-खाली केला. परत केला. तोंड वाकडं झालं.

मी काउंटरच्या अलीकडे उभा होतो आणि त्या सप्लायवरची अक्षरं मला स्वच्छ दिसत होती. महिनाभरापूर्वीच एका एजंटानं तो मला दाखवला होता. नवीन जातीचा, आतले भाग बदललेले, आकार निम्मा, वजन निम्मं, आणि किंमत जुन्या जडच्या जड सप्लायच्या तिप्पट. मला परवडला नाही म्हणून मी ठेवला नव्हता. ज्यानं आत हा बसवला त्यानं बाकी काहीही हलकं घातलेलं नसणार, हे मला त्या क्षणी कळलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनी निळा रुमाल टाकला.

रुमाल पडला की बोलायचं नाही, हे आमच्या दुकानात ठरलेलं. पण तेवढंच कारण होतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. पहिल्या आठवड्यातला तो ग्रामसेवक मी विसरलो नव्हतो. सर चुकतायत हे बघून मला आतून बरं वाटलं. एकदा, फक्त एकदा, म्हाताऱ्याचा हात चुकू दे, असं वाटलं. एवढं-तेवढं चुकलं म्हणून कुणाचं काय बिघडणार होतं?

उत्तमरावांनी हात रुमालाखालीच ठेवला. म्हणाले, "सर, परत एकदा दाबा." सरांनी परत दाबलं. मग त्यांनी डबा उचलला, जीपमध्ये ठेवला आणि गेले. सर म्हणाले, "सप्लाय नुसता पोकळ हाय. पोराला कुणीतरी गंडवलं." मी हं म्हणालो.

दिवाळी आली, गेली. त्यानंतर एका सकाळी पंचविशीच्या आतली एक मुलगी दुकानात आली. पाठीवर बॅग, हातात फोन. म्हणाली, मी नांदूरघाटची पूजा, उत्तमरावांची मुलगी. स्टुलासमोर उभी राहिली आणि सरळ विचारलं, "सर, तुमी पप्पाला आमच्या कॉम्प्युटरचे किती सांगितलेत?"

सर म्हणाले, "ते त्यांचं त्यांना."

"तीस सांगितलेत," ती म्हणाली. "पप्पानं दादाला सत्तर दिले होते, रिटायरमेंटमधले. दादानं सत्तरचाच घेतला. पप्पा म्हणतेत, तीसचा डबा आणून चाळीस हजार खाल्ले. दादानं बिल दाखवलं तर म्हणाले, बिल काय, कुणीबी छापतं, सरांचा हात खोटा न्हाई. त्याला चोर म्हणाले, आईसमोर. तो उठून गेला. दिवाळीला आला न्हाई. फोनबी घेत न्हाई आता, माझासुद्धा न्हाई. तो डबा चादर टाकून ठेवलाय. मला हात लावू वाटत न्हाई."

हे सगळं ती न रडता बोलली. बहुतेक रडून झालं असावं. तिनं फोनवर सप्लायचा फोटो काढून आणला होता. सरांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग माझ्या हातात दिला. "वाच."

मी वाचलं.

"काय किंमत?"

मी सांगितली.

"हलका हाय ना पण?"

"आता चांगले हलकेच येतात, सर."

 सर म्हणाले, "हाय का तुझ्याकडं?" नेमका एका डॉक्टरांनी मागवलेला तसला एक कालच आला होता. मी खोका फोडून त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवला. डाव्या तळव्यावर त्यांनी स्वतःच कपाटातला एक जुना जड सप्लाय उचलून घेतला. दोन्ही हात वर-खाली करत म्हातारा उभा होता. डावा हात खाली जात होता, उजवा वर राहत होता. मला ते बघवेना, मी फडकं घेऊन काउंटर पुसायला लागलो.

"म्हंजी माझा हातच जुना झाला," सर म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "बाळा, चल. मी येतो."

माझ्याच मोटारसायकलवर आम्ही नांदूरघाटला गेलो, पूजा मागून जीपनं आली. उत्तमराव ओट्यावर बसले होते, शेजारचे दोघं-तिघं होते. सरांना बघून उठले, खुर्ची दिली, पाणी दिलं. वाकडं बोलले नाहीत. उलट, भाव सांगायला आलेत असं वाटून त्यांनी उजवा हात पुढं केला. 

सर बसले नाहीत. म्हणाले, "आज रुमाल न्हाई." आणि मग वर्गातल्या आवाजात, समोरच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं बोलले, "तुमच्या पोराचा कॉम्प्युटर सत्तरचा हाय. पोरगं खरं बोललं. मी चुकलो. मला डोळ्यानं दिसत न्हाई आन्‌ हाताला कळत न्हाई, तरी मी भाव सांगितला."

शेजाऱ्यांपैकी एक जण खोकला. आतून पूजाची आई दारात येऊन उभी राहिली. उत्तमरावांचा हात अजून तसाच पुढं होता. तो त्यांनी हळूहळू मागं घेतला.

"सर, मी त्याला नको नको ते बोललो," ते म्हणाले. "ते आता माघारी कसं घ्यायचं?"

 सर म्हणाले, फोन लावा. लावला. वाजत राहिला. सरांच्या फोनवरून लावला, माझ्या फोनवरून लावला. त्यांच्या पोरानं, नितीननं, काही उचलला नाही. पूजाच्या आईनं चहा आणला, तो सगळ्यांनी घेतला, आणि कुणी कुणाकडं बघितलं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस सर दुकानात येऊन रोज नितीनला फोन लावायचे. कुणी कॅबिनेट आणलं तर म्हणायचे, "मला आता कळत न्हाई. बालाजीला इचारा." लोकांना वाटायचं चेष्टा करतात. मी म्हटलं, सर, एक चूक झाली, त्याचं एवढं काय. तर म्हणाले, "बैल चुकला तर बैल जातो. हितं माणूस गेलाय घरातून." अकराव्या दिवशी बॅग घेऊनच आले. पूजाकडून नितीनच्या कंपनीचा पत्ता घेतलेला. मुलीकडे पुण्याला जातो म्हणाले, डोळ्याचंही उरकून घेतो. म्हणजे खरं काम कुठलं हे मला कळलं.

ते परत केजला आले नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, मुलीनं ठेवून घेतलं, आणि पुढच्या पावसाळ्यात झोपेतच गेले. मला चौथ्या दिवशी कळलं. मी त्या दिवशी दुकान उघडं ठेवलं. बंद ठेवून घरी काय करणार होतो?

नितीनला मी गेल्या दिवाळीत पहिल्यांदा पाहिलं. पूजाला स्क्रीन घ्यायला भाऊ-बहीण दोघं आले होते. उत्तमराव बाहेर जीपजवळ उभे होते, आत आले नाहीत. बाप-लेकात अजून तुटक-तुटकच बोलणं चालतं, असं पूजा म्हणाली, पण चालतं. स्क्रीन बांधून होईपर्यंत नितीन त्या स्टुलाकडे बघत होता.

"तिथं बसायचे का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

"कंपनीच्या गेटवर आलते," तो म्हणाला. "जेवायच्या सुट्टीत आमी पंधरा-वीस जण टपरीवर चहाला. एक म्हातारा आला, उन्हानं लालबुंद. नाव घेऊन हाक मारली आन्‌ सगळ्यांसमोर सुरू झाला. मी वाघमारे, केजचा. तुझ्या कॉम्प्युटरची किंमत मी चुकीची सांगितली, तू चोर न्हाईस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यात कुणाला काय माहीतबी नव्हतं. मी म्हणलं, सर, हळू बोला. तर म्हणले, न्हाई बाळा. हळू बोलल्यानंच झालंय हे."

मी त्याला बिलात शंभर-दोनशे कमी लावले आणि दोरी दोनदा बांधली. तो गेल्यावर मला एकदम खूप दमल्यासारखं वाटलं.

कारण मी सरांना शेवटचं पाहिलं ते मांजरसुंब्याच्या फाट्यावर. केजवरून सुटणारी पुण्याची गाडी त्या दिवशी आलीच नाही, म्हणून मी त्यांना मोटारसायकलवर तिथवर सोडलं. तिथं पुण्याकडं जाणारं काही ना काही मिळतंच. दुपारचं ऊन, ढाब्यासमोर ट्रक उभे, आम्ही एका झाडाखाली बाकड्यावर बसलो. सर बॅग मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत होते, बघण्यासारखं त्यांना काही दिसत नसताना. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "त्या दिवशी तुला दिसत होतं ना, बालाजी? त्या सप्लायवरचं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं.

"दिसत होतं, सर."

"मंग बोललास कावून न्हाई?"

"तुम्ही रुमाल टाकला होता."

 खिशात हात घालून सरांनी निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला. कोपरा कोपऱ्याला लागलेली घडी उलगडली आणि त्यानं तोंड पुसलं, मान पुसली, डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं. मग गाडी आली. मी हात धरून त्यांना चढवलं, खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी निघाली तेव्हा ते त्याच रुमालानं चष्म्याची काच पुसत होते.